विषय: पक्षाघाताच्या रुग्णाला चुकीचा वॉकर विकल्याबद्दल आणि परत घेण्यास नकार दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय / महोदया,

माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला. डावा पाय अजून ओढत टाकतात आणि डाव्या हाताची पकड जवळजवळ नाही. आपल्या संकेतस्थळावर चार चाकांच्या, बसायची सीट असलेल्या वॉकरखाली 'पक्षाघातानंतरच्या रुग्णांसाठी योग्य' असं लिहिलेलं आहे. तरीही मी आपल्या विक्री प्रतिनिधीला फोन करून वडिलांची अवस्था सांगितली. "हाच घ्या, सगळ्यात वरचं मॉडेल आहे," एवढंच उत्तर मिळालं. कोणती बाजू लुळी आहे, दोन्ही हातांनी धरता येतं का, उंची किती, घरात उंबरे आहेत का, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही.

या वॉकरला दोन्ही मुठींवर ब्रेक आहेत. ते दाबायला दोन्ही हातांत जोर हवा. वडिलांचा उजवा हात ढकलतो आणि डावा घसरतो, त्यामुळे वॉकर एका बाजूला वळून पुढे पळतो. पहिल्याच दिवशी तोल गेला तेव्हा मी शेजारी होतो म्हणून ते पडले नाहीत. अशा वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो, हे आपल्या व्यवसायातल्या लोकांना मी सांगायला नको.

आमच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी वॉकर पाहताच बाजूला ठेवायला सांगितला. चाकांचा वॉकर चालताना दम लागणाऱ्या, पण दोन्ही हात शाबूत असलेल्या माणसासाठी असतो. त्यावर सगळा भार टाकायचा नसतो. वडिलांना हवी होती चार पायांची काठी, आणि तीही उजव्या म्हणजे चांगल्या हातात. उंची कशी ठरवायची तेही त्यांनी दाखवलं: चपला घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मनगटाची घडी येते तिथे मूठ हवी. मग धरताना कोपर 20 ते 30 अंशांत वाकतं. एवढं तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत. फोनवर चार प्रश्न विचारूनसुद्धा हे कळलं असतं. आता वडील त्या काठीवर हळूहळू बाथरूमपर्यंत जातात. आपला वॉकर तर त्या अरुंद दारातून आतही जात नाही.

परत घ्या म्हणून कळवलं तर 'वापरलेली वस्तू परत घेतली जात नाही' असा ईमेल आला. वापरल्याशिवाय ती वडिलांना चालते की नाही हे कळणार कसं? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार जाहिरातीत सांगितलेले गुणधर्म वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. आपलं वर्णन आणि फोनवरचा सल्ला या दोन्हींवर विसंबून मी ही खरेदी केली आहे.

माझी मागणी अशी: वॉकर आपल्या खर्चाने घेऊन जावा आणि पूर्ण रक्कम परत करावी. त्या मॉडेलखालचं 'पक्षाघातानंतरच्या रुग्णांसाठी योग्य' हे वाक्य काढावं आणि दोन्ही हातांत पकड नसलेल्यांनी ते वापरू नये, अशी सूचना मराठीतही घालावी. मला यातली दुसरी मागणी पैशांइतकीच महत्त्वाची वाटते, कारण आज आणखी कुणाचा तरी मुलगा तेच वाक्य वाचून पैसे भरत असेल. फोनवर विक्री करणाऱ्यांना वर लिहिलेले प्रश्न विचारणं बंधनकारक करा.

याच नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (1915) आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल, संकेतस्थळावरील वर्णनाचं छायाचित्र, आपला ईमेल आणि फिजिओथेरपिस्टची लेखी शिफारस सोबत जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक, कोल्हापूर