जास्वंद तिच्या हातात देणाऱ्या मॅडमना

मॅडम, त्या दिवशी फोनवर नीट बोलताच आलं नाही, गळा दाटून आला आणि मी फोन ठेवला. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

माझी लेक नववीत. दोन वर्षं झाली, श्रावण-भाद्रपद आला की तिच्या शिंका सुरू, डोळे सुजलेले, नाक सतत गळतंय, रात्री झोप नाही. आधीच्या शाळेतले एक सर "नाटकं बंद कर" म्हणून तिला वर्गाबाहेर उभं करायचे. घरी येणारे जाणारे म्हणायचे गॅलरीतल्या फुलझाडांनीच होतंय हे सगळं, आणि मी ऐकलं, सासूबाईंनी जीव लावून वाढवलेली जास्वंद काढून टाकली. शिंका काही थांबल्या नाहीत, पोरगी मात्र फुलाला हात लावायला घाबरायला लागली.

आणि तुम्ही फुलाचे भाग शिकवताना ब्लेड आणि जास्वंद तिच्याच हातात दिलीत. "तू काप, मी बसलेय इथे." एवढंच म्हणालात. ते वाक्य तिने घरी येऊन मला तीनदा सांगितलं! निदलपुंज, दलपुंज, मधली लांब नळी, तिच्यावरचे पिवळे परागकोष, टोकाला कुक्षीचे पाच लाल ठिपके, खाली अंडाशय, सगळं तिने स्वतः उघडून बघितलं, आणि एकही शिंक आली नाही. जास्वंदीचे परागकण मोठे, काटेरी, चिकट असतात, ते किडे आणि पक्षी नेतात, वाऱ्यावर सहसा उडत नाहीत, हे तुम्ही तिला भिंगातून दाखवलंत. मग उठून खिडकी लावलीत, कारण बाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढं गाजर गवत फुललं होतं. अमेरिकेच्या गव्हाबरोबर 1950 च्या दशकात आपल्या पुण्यात आलं म्हणतात ते. पुढे डॉक्टरांच्या तपासणीत तेच निघालं.

तुम्ही तिला मास्ट पेशींबद्दल पण सांगितलंत. त्या शरीराच्या पहारेकरी, साध्या परागकणाला शत्रू समजतात आणि हिस्टामिन सोडतात, त्यानेच शिंका, त्यानेच डोळ्यांची खाज. "तुझ्यात खोट नाही गं, तुझ्या पेशी जरा जास्तच काळजी करतात." मॅडम, दोन वर्षांत माझ्या पोरीशी असं कोणी बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही. पोर्शन सगळेच संपवतात हो, पण समोरचं लेकरू का शिंकतंय हे बघायला थांबणारी माणसं फार कमी, आणि अशा माणसांमुळेच पोरं शाळेत टिकतात असं मला मनापासून वाटतं.

नर्सरीतून नवीन जास्वंद आणलीय, लालच. सासूबाई रोज सकाळी तिच्यापाशी जाऊन उभ्या राहतात. काल संकष्टीला पहिलं फूल लेकीने स्वतः तोडून गणपतीला वाहिलं. आज दुसरं उमललं, ते तुमच्यासाठी तिच्या डब्यात वरच ठेवलंय, झाकण जरा हळू उघडा.