आधी घरचे चेंबर, मग नाग नदी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरातल्या नाग नदी प्रदूषण निर्मूलन प्रकल्पाच्या बातम्या आपल्या दैनिकात नेमाने येतात. केंद्राची राष्ट्रीय नदी संवर्धन योजना, जपानच्या जायका संस्थेचे कर्ज, राज्य आणि महापालिकेचा वाटा, असे मिळून सुमारे दोन हजार कोटींचे हे काम आहे. बातम्यांत प्रक्रिया केंद्राची क्षमता असते, निविदेची तारीख असते, काठावरच्या सुशोभीकरणाचे चित्र असते. घाण नदीत नेमकी कुठून शिरते, याची चर्चा मात्र क्वचितच होते. ती घराघरातून शिरते, आणि तिथले काम झाले नाही तर बाकीचा खर्च पाण्यात जाईल, म्हणून हे पत्र.

हिशेब साधा आहे. शहरी पाणीपुरवठा माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. त्यातले ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. पाच माणसांचे घर दिवसाला ५४० लिटर सोडते. हजार घरांच्या वस्तीचे झाले ५ लाख ४० हजार लिटर. ती घरे गडर लाइनला, म्हणजे मैलापाण्याच्या भूमिगत नळाला, जोडलेली असतील तर हे पाणी भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्राला पोहोचते. पावसाळी नालीला जोडलेली असतील तर नालीतून नाल्यात आणि नाल्यातून नाग किंवा पिवळी नदीत. मग भांडेवाडीत कितीही क्षमता वाढवा, हे पाणी तिकडे वळतच नाही.

नालीला जोडलेली घरे इतकी का, याचे कारण शहराच्या वाढीत आहे. नागपूर सुधार प्रन्यासच्या (नासुप्र) ५७२ आणि १९०० अभिन्यासांत, म्हणजे लेआउटमध्ये, अनेक ठिकाणी लोक आधी राहायला आले, रस्ता आणि नाली नंतर आली, गडर लाइन सगळ्यात शेवटी. तोवर प्रत्येकाने सेप्टिक टँक बांधून त्याचे वरचे पाणी समोरच्या नालीत सोडले होते. गडर लाइन आल्यावर अंगण खोदून जोडणी बदलायला कोणी सांगितले नाही, आणि सांगितले तिथे खर्च कोणी करायचा हे ठरले नाही. सेप्टिक टँक आहे म्हणजे पाणी साफ झाले, हा समज चुकीचा आहे. कच्च्या सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू, लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. नीट बांधलेली, दोन-तीन वर्षांनी उपसलेली टाकी तो फार तर निम्म्यावर आणते. आंघोळीयोग्य नदीचा निकष आहे ३ मिलिग्रॅम. आणि पंधरा-पंधरा वर्षे न उपसलेली टाकी ही टाकी राहतच नाही. गाळाने भरल्यावर मैला सरळ पुढे जातो.

दुसरी अडचण सिमेंट रस्त्यांनी केली. जुना डांबरी थर पुरेसा न खोदता वर काँक्रीट टाकले, तिथे रस्ता घराच्या जोत्याच्या बरोबरीला किंवा वर आला. पावसाचे पाणी अंगणातच साचू लागले. ते जाऊ द्यायला लोक गडर चेंबरचे झाकण उचलून ठेवतात, कारण त्या घडीला दुसरा मार्ग नसतो. त्या पाण्याबरोबर माती, पाला, प्लास्टिकच्या पन्न्या आत जातात आणि पुढच्या वळणावर लाइन चोक होते. काही गल्ल्यांत तर चेंबरची झाकणेच काँक्रीटखाली गाडली गेली आहेत. तिथे चोकअप काढायला जेटिंग मशीन आणली तरी नळी घालायला तोंड सापडत नाही. लहान व्यासाच्या लाइनवर दर ३० मीटरला चेंबर ठेवायचा नियम त्यासाठीच आहे. रस्ता ओतण्याआधी चेंबर उंच करून घ्यायचे आणि ज्या बाजूला गडर लाइन नाही त्या घरांसाठी रस्त्याखालून रिकामा पाइप आडवा टाकून ठेवायचा, एवढी दोन कामे निविदेत असती तर आज नवा रस्ता फोडायची वेळ येत नाही.

याच्या उलट चूकही तितकीच महागात पडते. गच्चीचे पाणी गडरमध्ये सोडलेली घरे पुष्कळ आहेत. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५,००० लिटर पाणी होते. त्या घराचे नऊ दिवसांचे सांडपाणी एका तासात लाइनमध्ये! सखल भागातली चेंबर मग उसळणारच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागचे पाणी घरांत शिरले. त्याची कारणे वेगळी आणि मोठी होती. पण दर पावसाळ्यात रस्त्यावर जे काळे पाणी येते त्याचा बराचसा दोष या गच्च्यांकडे जातो. शिवाय हे पातळ पाणी प्रक्रिया केंद्रावर लोंढ्याने पोहोचले की तिथला जिवाणूंचा गाळ वाहून जातो आणि तो पुन्हा वाढायला दिवस लागतात.

आता करायचे काय? चुकीच्या जोडण्या शोधण्याला मोठे यंत्र लागत नाही. मार्च ते मे महिन्यांत सकाळी सहा ते नऊ या वेळेत पावसाळी नालीच्या काठाने चालत जावे. भर उन्हाळ्यात नाली वाहत असेल तर ते पाणी पावसाचे नव्हे. ज्या टप्प्यात धार सुरू होते तिथून घरे तपासायला घ्यावीत. बादलीभर पाण्यात चिमूटभर फ्लुरोसीन किंवा खायचा हिरवा रंग कालवून संडासात ओतावा, वर दोनदा फ्लश करावे. एक माणूस रस्त्यावरच्या गडर चेंबरपाशी, एक नालीच्या तोंडाशी उभा करावा. रंग साधारण पाच-दहा मिनिटांत कुठेतरी दिसतो. तो ओसरल्यावर न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातल्या मोरीची वेगळी तपासणी करावी, कारण संडास गडरला आणि मोरी नालीला, अशी अर्धवट जोडणी फार आढळते. मध्ये सेप्टिक टँक असेल तर रंग टाकीतच विरतो आणि सगळे ठीक आहे असा भास होतो. अशा घरी टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाइपाच्या चेंबरात रंग ओतावा. चेंबर उघडण्याचे काम झोनच्या कर्मचाऱ्यांनीच करावे, आणि आत डोके घालायचे नाही, उतरायचे तर मुळीच नाही. गडरमधला वायू एका श्वासात माणूस पाडतो. संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

चूक सापडली की दुरुस्ती गवंड्याच्या आवाक्यातली असते. मोरीच्या पाण्याला गली ट्रॅप (गडरमधला वास अडवणारा पाण्याचा सापळा), मग तपासणी चेंबर, तिथून १५० मिलिमीटरचा पाइप. उतार ८० फुटांना एक फूट धरला तर मागच्या अंगणापासून रस्त्यापलीकडच्या लाइनपर्यंत २१ मीटरच्या पाइपाला जेमतेम २६ सेंटिमीटर घसारा लागतो. उतार याहून फार कमी ठेवला तर मैला बसतो. जादा उतार दिला की पाणी पुढे निघून जाते आणि घन भाग मागे राहतो, असा अनुभव या कामातले मिस्त्री सांगतात. पाइप मुख्य चेंबरमध्येच सोडावा. लाइन फोडून मधेच खुपसलेला पाइप आत डोकावतो आणि त्याला चिंध्या अडकून चोकअपची कायमची जागा तयार होते. जोडणी झाल्यावर सेप्टिक टँक उपसून, मुरूम भरून बंद करावी. ती मध्ये ठेवली तर त्रास कायम राहतो.

महापालिकेने हा खर्च प्रकल्पाचाच भाग मानावा, अशी आमची आग्रही मागणी आहे. मुख्य लाइनीवर कोट्यवधी घालायचे आणि शेवटचे २० मीटर नागरिकावर सोडायचे, ही पद्धत अनेक शहरांत फसली आहे. लाइन कोरडी राहते. पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटर तरी लागतो. प्रवाहच नसेल तर आलेला थोडा मैला जागेवर बसतो आणि नवी लाइन वापराआधीच चोक होते. दहाही झोनमध्ये जोडलेल्या घरांची संख्या दर महिन्याला जाहीर व्हावी. किती किलोमीटर पाइप टाकला हा आकडा ठेकेदाराच्या बिलासाठी ठीक आहे, नदीला त्यावरून काही कळत नाही.

उन्हाळ्यातले नदी स्वच्छता अभियान चालू राहावे, त्याचा उपयोग आहे. पोकलेनने गाळ काढल्याने पुराच्या पाण्याला वाट मिळते. मात्र काढलेला गाळ काठावरच रचून ठेवला तर मृगाच्या पहिल्या दोन सरींत तो परत पात्रात उतरतो. गाळ निथळायला दोन-तीन दिवस ठेवून उचलायचा आणि उचलल्याची नोंद ट्रकच्या फेऱ्यांनुसार ठेवायची, एवढी शिस्त हवी. अभियानात येणारे विद्यार्थी आणि मोहल्ल्यातली मंडळे यांना नदीपात्रात उतरवण्यापेक्षा वर सांगितलेली नालीची पाहणी द्यावी. गणेशोत्सवात तलावांऐवजी कृत्रिम टाक्यांत विसर्जन नागपूरकरांनी स्वीकारलेच ना? टाकी घराजवळ होती आणि निर्माल्य कलश शेजारी होता, म्हणून ते जमले. हाताशी सोय असली की लोक साथ देतात.

आता शहराबाहेरचे. भांडेवाडीत प्रक्रिया केलेले पाणी महानिर्मितीच्या कोराडी वीज केंद्राला जाते, आणि तेवढे पेंचचे पाणी पिण्यासाठी उरते. वर मध्य प्रदेशात पेंच नदीवर चौराईचे धरण झाल्याने खाली येणारे पाणी घटले आहे. २०१९ च्या जुलैत शहराला एक दिवसाआड पाणी मिळाले होते, हे ध्यानात घेतले तर ही भागीदारी किती मोलाची आहे ते कळते. नागपूरने देशाला दाखवलेले हे खरोखर चांगले काम आहे. पण ती झाली उत्तरेची बाजू. पूर्वेला नाग कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत, आणि पुढे गोसीखुर्दचे साचलेले पाणी आहे. वाहती नदी दगडधोंड्यांवरून उसळत थोडा प्राणवायू घेते, धरणाच्या फुगवट्यात ती सोय नाही. आपल्या मैल्यातले नत्र आणि स्फुरद तिथे इकॉर्नियाचे, म्हणजे जलपर्णीचे, खत होते. ढिवरांचे डोंगे त्या गालिच्यात अडकतात, जाळ्यात मासळीऐवजी मुळांचे गुंते येतात. भंडारा शहर पाणी पिते ते वैनगंगेचेच. आपल्या शहराच्या नळाला वरच्या राज्याने काय केले याची आपल्याला जितकी काळजी, तितकीच भंडाऱ्याच्या नळाची असायला हवी.

म्हणून प्रकल्पाच्या देखरेख समितीत भंडारा नगर परिषद, जलसंपदा विभाग आणि मच्छीमार सहकारी संस्थांचा प्रतिनिधी घ्यावा. दक्षिणेला बेसा, बेलतरोडी, पिपळा भागातले सांडपाणी पोहरा नदीकडे जाते. तिथली हद्द महापालिकेची नाही म्हणून तो भाग सोडून दिला तर एक नदी साफ होताना दुसरी सडेल. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणालाही (एनएमआरडीए) याच समितीत बसवावे.

आणि तपासणी एकाच दिवशी सगळीकडे व्हावी: अंबाझरीच्या खाली, अशोक चौकात, पारडीजवळ, कन्हानच्या संगमाच्या अलीकडे आणि आंभोऱ्याला. विरघळलेला प्राणवायू जागेवरच मोजावा किंवा रसायन टाकून बाटली बंद करावी, नाहीतर गाडीत हिंदकळून आकडा खोटाच चांगला येतो. बीओडीचा नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा. २७ अंशांवर तीन दिवसांत त्याचा निकाल मिळतो. नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालयही आहे. जानेवारी ते मे दर महिन्याचे हे पाच ठिकाणचे आकडे आपल्या दैनिकाने पाठपुरावा करून छापावेत, ही विनंती.

आपले,
मलनिस्सारण विभागातून निवृत्त झालेले काही अभियंते,
नंदनवन, नागपूर