दुपट्टेवाल्या काकांचे मनापासून आभार

दिवाळीनंतर यवतमाळ-दारव्हा रस्त्यावर बाबांची गाडी घसरली. मांडीतून रक्ताची धार लागली होती. कापूस वेचणाऱ्या बाया धावत आल्या. एका काकांनी गळ्यातला दुपट्टा घडी करून जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरला. १०८ ची गाडी येईस्तोवर हात उचलला नाही, मधेच उघडून पाहिलंही नाही. कोणी पाणी पाजायला निघालं, तर एक ताई म्हणाली, "पाणी नका देऊ, मान हलवू नका." तिनं गावातच हे प्रशिक्षण घेतलं होतं. असं प्रशिक्षण गावोगावी हवं. पोलिसांच्या भीतीनं कोणी मागं सरलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायदाही मदत करणाऱ्याच्या पाठीशी आहे. गडबडीत नावं विचारायची राहिली. बाबा आता भिंतीला धरून चालतात. काका, तुमचा दुपट्टा धुऊन ठेवलाय.