सिस्टर आधी कोणाकडे जाते?

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आई, "एवढ्या पेशंटांत एकच सिस्टर, मग यांच्याकडे लक्ष कोण देणार?" असं तू फोनवर विचारलंस. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आलंय, तेव्हा घाईत सांगण्यापेक्षा सविस्तर लिहिते. नर्सिंगच्या सेकंड इयरच्या मुलींना मी हेच शिकवते, आणि यातलं निम्मं तुलाही जमण्यासारखं आहे.

मुलींपुढे मी एक वॉर्ड मांडते. सकाळचे आठ, नाइटच्या सिस्टरकडून ओव्हर, म्हणजे रात्रीची सगळी माहिती, घेऊन झालीय. पहिल्या कॉटवर पाय मोडलेला तरुण, कळांनी ओरडतोय. दुसऱ्याची सलाईन संपलीय, नातेवाईक हाका मारतायत. तिसऱ्यावर ६८ वर्षांचे आजोबा, गुडघ्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. काल शांत होते, आज चादर ओढतायत, "मला घरी जायचंय" म्हणतायत. चौथ्याला डिस्चार्जचे कागद हवेत. आधी कोण? बहुतेक जणी पहिली कॉट म्हणतात. उत्तर तिसरी.

जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, शुद्ध आहे. त्याला दुखण्याचं इंजेक्शन लवकर मिळायलाच हवं, आणि सोबतच्या सिस्टरला ते लगेच सांगायचं असतं. सलाईन संपली तर रक्त उलट नळीत चढतं, सुई ब्लॉक होते, पुन्हा टोचावं लागतं. जाता जाता नळीची चकती बंद केली की काम भागतं. आजोबा मात्र कालचे राहिले नाहीत. या वयात अचानक बरळायला लागणं म्हणजे "वय झालं" असं नव्हे. ऑक्सिजन कमी पडणं, फुप्फुसात गुठळी, इन्फेक्शन, उतरलेली साखर, तुंबलेली लघवी, यातलं काहीही त्यामागे असू शकतं. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शन असून ताप येतोच असंही नाही.

तिथं पोचल्यावर पहिली गोष्ट म्हणजे श्वास मोजणं. पूर्ण एक मिनिट, घड्याळ बघून, पेशंटला न सांगता, कारण सांगितलं की माणूस श्वास बदलतो. नाडी धरल्यासारखं करायचं आणि छातीकडे बघायचं. साधारण १२ ते २० हे ठीक. तब्येत बिघडू लागली की बऱ्याचदा आधी हाच आकडा हलतो, बीपी नंतर पडतं. आणि नेमका हाच आकडा चार्टवर अंदाजानं भरला जातो, सगळ्या कॉटवर २०! मला याचा मनापासून राग येतो.

पेशंट किती बिघडलाय ते गुणांनी मोजणारा, ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा न्यूज नावाचा तक्ता आहे, २०१२ मध्ये आलेला, २०१७ मध्ये सुधारलेला. त्यात श्वास २६ असेल तर ३ गुण, नव्यानं भ्रम झाला तर ३, नाडी ११२ असेल तर २. समजा आजोबांचं हे तिन्ही निघालं, तर त्यांचे झाले ८. बेरीज ७ किंवा त्याहून जास्त म्हणजे डॉक्टर तातडीनं हवेत. सिस्टरनं कॉट सोडून जायचं नाही. हाक मारून मदत बोलवायची, पेशंटला टेकवून बसवायचं, ऑक्सिमीटर लावायचा (बोटं गार असली तर आकडा चुकतो), बोट टोचून साखर बघायची.

आता तुझं काम. बाबा एरवी कसे असतात हे सिस्टरला माहीत नसतं, तुला असतं. भरती होतानाच सांग की त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, नाहीतर उत्तर दिलं नाही की भ्रम समजतील. चष्मा आणि कानाचं मशीन ऑपरेशननंतर लगेच लावायला दे. काही बिनसलं तर नुसतं "यांना बरं वाटत नाहीये" म्हणू नकोस. "दहापर्यंत नीट बोलत होते, आता माझं नाव चुकतायत, श्वास २६ आहे" असं सांग. वेळ, बदल आणि आकडा ऐकला की सिस्टर हातातलं काम टाकून येते.

दुखण्याचं इंजेक्शन दिल्यावर बाबा घोरायला लागले तर "झोपू दे" म्हणण्याआधी हाक मारून बघ. डोळे उघडून नीट उत्तर दिलं तर झोपू दे. उठवूनही उठत नसतील किंवा श्वास मिनिटाला दहाच्या खाली गेला असेल तर बेल दाबून वाट बघत बसू नकोस, दारात जाऊन हाक मार. मॉर्फिनसारख्या औषधांनी आधी गुंगी वाढते, मग श्वास मंदावतो.

बाबा, हे तुमच्यासाठी. तुम्ही साखरेची ग्लिमेपिराइड आणि बीपीची मेटोप्रोलॉल घेता. मेटोप्रोलॉलमुळे साखर उतरली तरी थरथर आणि धडधड जाणवत नाही. घाम मात्र येतो. म्हणून दरदरून घाम आला की लगेच साखर तपासायला सांगा. ७० च्या खाली असेल आणि तुम्ही शुद्धीत असाल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे सपाट चार चमचे, पाण्यात घालून प्यायची. पेढा नको, खव्यातल्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची, वर आली की पोळी-भाजी खायची. ग्लिमेपिराइडचा असर तासन्‌तास राहतो, त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते. सिस्टरला ते कळलंच पाहिजे. आणि आई, ते गुंगीत असतील तर तोंडात थेंबभरही काही घालायचं नाही.

एकच पोटरी सुजली, दुखली तर चोळू नका, दाखवा.

ऑपरेशनआधी उपाशी राहायचं असेल तेव्हा यातली कुठली गोळी घ्यायची, कुठली नाही, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी आईच्या हातात असू दे.

तुमची,
लेक