आधी हात धुणाऱ्या डॉक्टरभाऊंना

डॉक्टरभाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. डॉक्टर म्हटलेलंही तुम्हाला आवडत नाही, "मी पर्यवेक्षक आहो ताई, डॉक्टर तालुक्याले बसते," असं लगेच सांगता. पण दारव्ह्याकडच्या आमच्या गावांत ढोरांचा डॉक्टर म्हटलं की लोकांना तुम्हीच आठवता. 2022 ला लम्पी आला तेव्हा गोठ्यागोठ्यातून लस टोचत फिरले ते तुम्हीच. हे पत्र मात्र बैलांसाठी नाही, आमच्या मांजरीसाठी, काजळीसाठी आहे.

काजळीचा मागचा पाय कुत्र्यांनी धरला होता. जखम भरली, पण पाय अधू राहिला. कुत्रं मागं लागलं तर भिंतीवर चढून जीव वाचवणं आता तिच्यानं व्हायचं नाही, म्हणून ती घरातच असते. त्यावरून काय काय ऐकलं मी! "मुक्या जिवाले कोंडून ठेवलं, पाप लागन तुले." सांगणारीच्याच दारची होती ती कुत्री, पण ते जाऊ द्या. होळीनंतर काजळी दिवसभर धान्याच्या कोठीमागं बसायला लागली, पोट चाटून चाटून तिथले केस घालवले, तेव्हा मलाही वाटायला लागलं की लोक म्हणतात तेच खरं असेल.

शहरातल्या एका दवाखान्यात नेली. टेबलावर ती घुरघुरत होती. साहेबांनी कानाचा फोन न काढता सांगितलं, "घुरघुरते म्हणजे मजेत आहे," आणि पावडर लिहून दिली. तिनं अंग चोरलं होतं, कान चपटे पडले होते, डोळ्यांची बाहुली पसरून डोळा काळाभोर झाला होता. हे दिसायला मान जरा खाली करावी लागते. मांजर भ्यालं तरी घुरघुरतं, दुखलं तरी घुरघुरतं, हे मला पुढं तुम्ही सांगितलंत. फी मात्र तिकडं भरून आले होते.

तुम्ही आला होतात पावसाळ्याआधीची घटसर्प-फऱ्याची लस टोचायला. बैलांचं आटोपलं तसा मी भीत भीत विषय काढला. ह्यांनी मला डोळ्यांनी दटावलं, सरकारी माणसापाशी मांजरीचं काय घेऊन बसली म्हणून. तुम्ही हसला नाहीत. बूट छपरीत काढलेत आणि साबण मागितलात. न्हाणीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतलेत. चहा घ्यायचा म्हणून धुताय, असं मला वाटलं. तर म्हणालात, "माह्या अंगाले ढोराचा, कुत्र्याचा वास येते. तिच्या घरात जाचं हाय, तिले काहून भेव दाखवाचं?"

भाऊ, पुढं तुम्ही पुष्कळ सांगितलंत, पण माझं मन त्या साबणापाशीच अडून आहे. तिचं घर! ज्या घराला अख्खं गाव तुरुंग म्हणत होतं, त्याला तुम्ही तिचं घर म्हणालात. आणि आमच्याकडं माणसालाही अशी वागणूक कुठं मिळते? दिवस गेलेल्या बाईचं पोट तपासताना गार हात आधी जरा चोळून घ्यावेत, इतकं साधं कुणाला सुचत नाही. सुचायला पैसे पडत नाहीत, शिक्षणही लागत नाही. समोरच्याला जीव आहे, एवढं ध्यानात असलं की पुरे.

मग तुम्ही खाली भुईवर तिरके बसलात. कोठीकडं पाहिलंही नाही. तुरीचे भाव, पऱ्हाटीची लावण, ह्यांच्याशी गप्पा चालू. चहा गार झाला. बऱ्याच वेळानं कोठीमागून नाक बाहेर आलं. तुम्ही एक बोट तेवढं भुईलगत पुढं केलंत, डोक्यावर हात नेला नाहीत, आणि तिच्याकडं पाहत डोळे सावकाश मिटून सावकाश उघडलेत. तिनंही अर्धे मिटले! मग येऊन तुमच्या बोटाला गाल घासला. "गालात वासाच्या गाठी असते तिच्या," तुम्ही म्हणालात, "आता म्या बी घरचाच." पोरीनं नंतर मोबाइलवर शोधलं, तर इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठातल्या लोकांनी 2020 साली हीच गोष्ट प्रयोग करून छापली होती. माणसानं असे सावकाश डोळे मिटले तर मांजरंही मिटतात, आणि अनोळखी माणसाजवळही जास्त येतात. तुम्ही ते वाचलं नसेल. ढोरांत राहून शिकला असाल.

कारण तर तुम्ही बसल्या बसल्याच काढलंत. होळीनंतर घरात काय बदललं, एवढंच विचारलंत. बदलला होता कूलर! पंचेचाळीस अंशांत त्याच्याशिवाय आमचं भागत नाही, आणि तो बसवला होता तिच्या खिडकीत. कडुनिंबावरच्या चिमण्या दिसायची तिची एकच जागा, तिथं दिवसभर घरघर. "केस नाही आले तर कातडीचं पाहाले नागपूरले पाठवू, आधी हे करा," म्हणालात. पोरानं दुसऱ्या झरोक्याला जाळी लावून खाली फळी ठोकली, अधू पायानं चढता यावं म्हणून मध्ये एक पेटी ठेवली.

आता श्रावण लागला. कूलर उतरवला, फळी तशीच आहे. पोटावर केस आलेत. मी शेतातून आले की काजळी शेपूट उभी करून येते, शेंडा जरासा वाकलेला. दुपारी वाकळीवर पंजांनी मळत बसते, कधी चारी पाय सोडून उताणी झोपते. त्या पोटाला हात लावायचा नाही, तो विश्वास आहे, आमंत्रण नाही, हे तुमचं बजावणं पोरं अजून विसरतात आणि तिचे ओरखडे खातात. माझ्यासमोर निवांत जेवते, मग बसून अंग साफ करते, पण एकाच जागी ओरबाडल्यासारखं चाटत नाही. तिचं सुख इतकं बिनआवाजी असेल असं मला वाटलं नव्हतं. पाप लागन म्हणणारी परवा घरी आली होती. काजळी तिला पाहून फळीवर गेली आणि पाठ करून बसली. ते मी सुखातच धरलं.

तुम्ही त्या दिवशी काही घेतलं नाहीत, चहासुद्धा गारच प्यालात. नवी तूर निघाली की पायलीभर डाळ घरी पाठवीन. सरकारी माणसानं घेऊ नये वगैरे ऐकायची नाही. वहिनींना म्हणावं, भाऊबीजेची समजा.

तुमची,
काजळीच्या घरची ताई