शून्याच्या बाजूचा संघ

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. पहिल्या फेरीत तुमच्या संघाने दोन आकडी गोल केले, तरी पत्रात कुठे आनंद दिसला नाही. समोरच्या मुलींच्या चेहऱ्यांकडे तुझं लक्ष गेलं, याचं मला बरं वाटलं. काळजी वाटली ती शेवटच्या वाक्याची. ‘असे संघ पात्रता फेरीत घेऊच नयेत, त्यांचाही वेळ जातो आणि आमचाही,’ असं तू लिहिलंस. हेच वाक्य मी फुटबॉलमधल्या जाणत्या माणसांच्या तोंडूनही ऐकलंय आणि दरवेळी मला ते खटकलंय. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी तुझ्या बाजूने बोलते. नोव्हेंबर 2021 मध्ये महिला विश्वचषकाच्या युरोपातल्या पात्रता फेरीत बेल्जियमने अर्मेनियाला 19-0 हरवलं आणि पाचच दिवसांनी इंग्लंडने लातवियाला 20-0. अशा सामन्यातून जिंकणाऱ्यांना शिकायला काही मिळत नाही आणि हरणाऱ्या दमून दमून शेवटी दुखापत करून घेतात. हे मला मान्य आहे. युरोपने त्यावर जो उपाय काढला तो बघ. 2023 पासून तिथे राष्ट्रीय संघांच्या अ, ब आणि क अशा तीन श्रेणी केल्या, म्हणजे तुल्यबळ संघ एकमेकांशी खेळतात. चांगलं खेळलं की वरच्या श्रेणीत जाता येतं, वाईट खेळलं की खाली यावं लागतं. 2025 च्या युरो स्पर्धेसाठी सगळ्यात खालच्या क श्रेणीतल्या गटविजेत्यांनाही प्ले-ऑफमध्ये, म्हणजे उरलेल्या जागांसाठीच्या शेवटच्या फेरीत, जागा होती. वेल्स ब श्रेणीतून आलं, प्ले-ऑफमध्ये आधी स्लोव्हाकियाला आणि मग डिसेंबर 2024 मध्ये आयर्लंडला हरवून पहिल्यांदाच एखाद्या मोठ्या स्पर्धेत पोचलं. कोणाला काढून टाकलं नाही आणि 20-0 ही टाळता आलं. तुझ्या तक्रारीत जेवढं खरं आहे, त्याचं उत्तर यात आहे.

आता माझं म्हणणं. सप्टेंबर 1995 मध्ये आशियाई स्पर्धेत चीनने फिलिपिन्सला 21-0 हरवलं होतं. तुझा नियम तेव्हा लावला असता तर फिलिपिन्सचं नाव तिथेच खोडलं गेलं असतं. त्याच देशाच्या संघाने 2021 मध्ये ताश्कंदच्या पात्रता फेरीत नेपाळ आणि हाँगकाँग या दोघांनाही 2-1 असं हरवलं. जानेवारी 2022 मध्ये पुण्यात आशिया चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत चायनीज तैपेईशी (म्हणजे तैवानशी) बरोबरी झाली. पेनल्टी शूटआउटमध्ये सरिना बोल्डेनने शेवटची पेनल्टी जाळ्यात मारली आणि त्या विजयाच्या जोरावर फिलिपिन्स पहिल्यांदा विश्वचषकात गेलं. तिथे 2023 मध्ये यजमान न्यूझीलंडला त्यांच्याच मैदानावर 1-0 हरवलं. तो गोलही बोल्डेनचाच. त्या संघातल्या बऱ्याच मुली अमेरिकेत वाढलेल्या होत्या, असं तू लगेच म्हणशील. खरं आहे. पण खेळायला जागाच शिल्लक नसती, तर त्या तरी कुठे आल्या असत्या?

आणि भारत? 1998 च्या बँकॉक आशियाई क्रीडा स्पर्धेत चीनने भारताला 16-0 हरवलं होतं. म्हणजे शून्याच्या बाजूला आपणही उभे होतो. जून 2025 मध्ये आशिया चषकाच्या पात्रता फेरीत, थायलंडमधल्या चिआंग माईला भारताने मंगोलियाचा 13-0 असा धुव्वा उडवला, प्यारी खाखाने एकटीने पाच गोल केले, तेव्हा मला 1998 आठवलं. गोल खाल्ला की चेंडू मध्यावर ठेवून खेळ पुन्हा सुरू करायचा असतो तो गोल खाल्लेल्या संघानेच. जाळ्यातून चेंडू काढायचा, मध्यावर आणायचा, शिट्टी झाली की पहिला पास द्यायचा. तेरा गोल म्हणजे हे सगळं पुन्हा पुन्हा. एखादी तरी पाय ओढत चालली असेल, असं आपल्याला वाटतं. तरीही नव्वद मिनिटं पुरी खेळायची. हे सोपं नसतं, तू मैदानात असतेस, तुला ठाऊक आहे.

भारताच्या त्या गटाची गंमत अजून पुढे आहे, आणि माझा मुद्दा खरा तिथेच आहे. त्या पात्रता फेरीत 34 संघ, आठ गट आणि प्रत्येक गटातून फक्त पहिला संघ पुढे. 5 जुलैला शेवटच्या सामन्यात भारत आणि थायलंड समोरासमोर आले तेव्हा दोघांचे नऊ-नऊ गुण होते आणि दोघांचाही गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) 22! मंगोलिया, तिमोर-लेस्ते आणि इराक यांनी दोघांकडूनही सारखेच गोल खाल्ले होते, म्हणून सामना बरोबरीत सुटला असता तर पेनल्टी शूटआउटच उरला असता; त्या हिशोबात एका गोलाचा फरक असता, तर बरोबरीतही एकच संघ पुढे गेला असता. शेवटच्या दहा मिनिटांत, सामना कधीच हातचा गेलेला असताना, तिमोर-लेस्तेच्या एखाद्या बचावपटूने अंग झोकून अडवलेला फटका भारताचं किंवा थायलंडचं तिकीट ठरवू शकला असता. मग त्या मुलींचा वेळ वाया गेला असं कसं म्हणायचं? त्या तर निकालाच्या मधोमध उभ्या होत्या. पुढचं तुला माहीतच आहे. संगीता बासफोरने दोन गोल केले, भारत 2-1 जिंकला आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशिया चषकात पोचला. त्याच फेरीत बांगलादेशही म्यानमारला त्यांच्या घरच्या मैदानावर हरवून पहिल्यांदा पात्र ठरलं.

जमैकाचंही सांगून टाकते. पैशांअभावी त्यांचा महिला संघ बंद पडला होता. सामनेच नाहीत म्हणून जागतिक क्रमवारीतूनही नाव गेलं. 2014 पासून गायक बॉब मार्ले यांच्या कन्या सेडेला मार्ले मदतीला उभ्या राहिल्या. ऑक्टोबर 2018 मध्ये पनामाशी 2-2 बरोबरी, मग शूटआउटमध्ये 4-2, आणि विश्वचषक गाठणारा कॅरिबियनमधला तो पहिला महिला संघ ठरला. 2019 ला तिन्ही सामने हरले. 2023 ला त्याच जमैकाने फ्रान्स आणि ब्राझील दोघांनाही गोल करू दिला नाही. ब्राझील घरी गेलं, जमैका बाद फेरीत.

ज्यांचं नाव गटांच्या सोडतीत येतच नाही, त्यांचा विचार केला की मला 13-0 फार वाईट वाटत नाही. 2021 मध्ये तालिबानची सत्ता आल्यावर अफगाणिस्तानच्या खेळाडूंना देश सोडावा लागला, त्यातल्या बऱ्याच जणी ऑस्ट्रेलियात गेल्या. चिआंग माईच्या वेळच्या त्या 34 संघांत अफगाणिस्तान नव्हतं. हरायला मिळणं हीसुद्धा त्यांना नाकारलेली गोष्ट आहे.

आता तू खरा प्रश्न विचारलास त्याकडे येते. सातवा-आठवा गोल झाल्यावर खेळ हळू करायचा का? माझं उत्तर, नाही. 2019 च्या विश्वचषकात अमेरिकेने थायलंडला 13-0 हरवलं तेव्हा यावर केवढा वाद झाला. गोल करत राहिल्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही, गटात गोलफरक मोजला जातोच. दहाव्या-बाराव्या गोलनंतरचा जल्लोष मात्र मला आवडला नाही. सामना संपल्यावर अमेरिकेची कार्ली लॉइड थायलंडच्या गोलरक्षकापाशी जाऊन तिला धीर देत होती, ते आवडलं. मुद्दाम चेंडू फिरवत बसलीस तर तू समोरच्या मुलींना सांगतेस की तुम्ही खेळाडूच नाही. याहून मोठा अपमान नाही. आणि त्याच थायलंडचं पाच दिवसांनंतरचं बघ. स्वीडनकडून 5-1 हरताना कांजना सुंगन्गोएनने शेवटच्या मिनिटांत एक गोल केला आणि बाकावर बसलेल्या त्यांच्या व्यवस्थापक ढसाढसा रडल्या. त्या गोलसाठी स्वीडनने जरा सैल खेळावं, असं त्यांच्यापैकी एकीलाही वाटलं नसणार.

पुढच्या फेरीत पुन्हा असाच संघ समोर आला तर पूर्ण जोर लावून खेळ. गोल झाला की एकदा हात वर कर आणि परत आपल्या जागेवर ये. सामना संपल्यावर त्यांच्या गोलरक्षकाशी बोल, आणि ‘छान खेळलीस’ एवढ्यावर सोडू नकोस, तिने नेमका कोणता फटका चांगला अडवला ते तिला सांग. त्यासाठी खेळतानाच लक्ष ठेवावं लागेल.

घोट्याची सूज उतरली का ते लिही. सरावाआधी पट्टी बांधायचा कंटाळा करू नकोस.

तुझी,
आई