३० जानेवारी आम्ही कसा पाळतो

वर्धा,
१ फेब्रुवारी

प्रिय माधव,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गांधीजींच्या पुण्यतिथीला तुमच्या कचेरीत अकराचा भोंगा झाला, दोन मिनिटं सगळे उभे राहिले, फोटोला हार घातला आणि लगेच जो तो आपापल्या टेबलावर, यावर तू फार चिडून लिहिलं आहेस. मला त्या दोन मिनिटांचा राग येत नाही. सगळ्या देशाने एकाच वेळी स्तब्ध उभं राहावं, हे थोडं नाही. पण तुम्ही तिकडे काय करता असं विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितो.

पहाटे सेवाग्रामला, बापूंच्या आश्रमात गेलो. थंडी कडाक्याची होती, शाल घेऊनही बोटं आखडली होती. पिंपळाजवळ उघड्यावर प्रार्थना झाली. जपानी भिक्षूंमुळे आश्रमात आलेला बौद्ध मंत्र, मग ईशावास्य उपनिषदातला श्लोक, कुराणातल्या आयती, पारशी प्रार्थना, शेवटी सत्य, अहिंसा अशी एकादश व्रतं. वाद्य नाही, भाषण नाही. १९४८ साली त्या संध्याकाळी सरदार पटेलांशी बोलणं लांबलं, पाचच्या प्रार्थनेला उशीर झाला, म्हणून बापू बिर्ला भवनाच्या हिरवळीवरून झपाझप चालले होते. पाच वाजून सतरा मिनिटांनी गोळ्या लागल्या. लोक प्रार्थनेसाठी येऊन बसलेले होते. या दिवशी मांडी घालून बसलो की मला नेहमी ती राहून गेलेली प्रार्थनाच आठवते, आणि आपण ती पुढे म्हणतो आहोत असं वाटतं. तुला हे भाबडं वाटेल. वाटू दे.

प्रार्थनेनंतर थोडी सूतकताई केली आणि आम्ही काही जण कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत गेलो.

हाच दिवस देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणूनही पाळतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. त्यामागे बापूंचं जगणं आहे. परचुरे शास्त्री तुला आठवत असतील. संस्कृतचे मोठे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले बापूंचे सोबती. कुष्ठरोग झाला आणि १९३९ साली ते सेवाग्रामच्या दारात आले. बापूंनी त्यांना आश्रमातच कुटी दिली, आणि जखमा धुणं, अंगाला मालिश करणं हे स्वतःच्या हातांनी केलं. ज्या काळात लोक अशा माणसाच्या सावलीलाही भीत, त्या काळात! वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी तर १९३६ पासूनच कुष्ठरुग्णांच्या सेवेचं हे काम हाती घेतलं होतं. आपल्या वर्ध्याच्या मातीत हे सगळं घडलं, याचा मला फार अभिमान आहे.

वसाहतीतलं आमचं काम अगदी साधं असतं. टबात पाणी भरायचं. गरम नाही, कारण या रोगाने पाय बधिर होतात, भाजलं तरी त्यांना कळत नाही. वीसेक मिनिटं पाय भिजू द्यायचे, मऊ झालेले घट्टे हळूहळू घासून काढायचे आणि पाय ओला असतानाच तेल लावायचं, म्हणजे ओलावा टिकतो. एका आजींची चप्पल सहज उलटी करून झटकली, तर आतून बोराच्या बीएवढी खडी पडली. आजी सकाळपासून तीवर पाय टाकत हिंडत होत्या. तळव्यावर लालभडक खळगा पडला होता आणि त्या मला हसून सांगत होत्या, ‘काही दुखत नाही रे बाबा.’ माधव, या रोगाचा सगळा घात या न दुखण्यातच आहे. बोटं रोगाने झडून पडतात असं लोक समजतात. खरं तर अशा न कळलेल्या जखमाच चिघळत जाऊन हाडापर्यंत पोचतात.

आणि औषध आहे रे! सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. सहा महिने, रोग जास्त पसरलेला असेल तर बारा महिने गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो. कातडीवर बधिर चट्टा दिसला की वेळेवर जायला मात्र हवं. लोक लाजेपायी चट्टा लपवतात, तिथे सगळं बिघडतं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात होतं, ते काढायला २०१९ साल उजाडलं. आजींच्या घरून कुणीच येत नाही. त्या बऱ्या होऊनही कितीतरी वर्षं झाली आहेत.

तू प्रार्थना आणि सेवा यांत मोठं कोण, असा प्रश्न टाकला आहेस. मला तो प्रश्नच पडत नाही. पहाटे प्रार्थनेला बसलो नसतो, तर तो पाय हातात घेताना माझं मन आक्रसलं असतं, एवढं मला ठाऊक आहे.

पुढच्या वर्षी २९ ला संध्याकाळीच ये, म्हणजे पहाटे एकत्र निघता येईल. गरम कपडे आण. नखं कापून ये आणि बोटातली अंगठी घरी ठेव, पाय धुताना ओरखडा गेला तर त्यांना समजत नाही. मुलीलाही आण, ती आता मोठी झाली आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत